रक्ताचा भाव

काचेच्या नळीत तुमच्या आत्याचं रक्त आहे, जेमतेम दोन मिलिलिटर. सिस्टरनं नळी खिडकीच्या कट्ट्यावर उभी केली, भिंतीवरचं घड्याळ बघितलं आणि तुम्हाला बजावलं, "वीस मिनिटं हात लावायचा नाही. गोठलं तर ठीक. पातळ राहिलं तर औषध चालू करायचं."

बाहेर प्रवरेकाठच्या अकोल्याचा जुलै कोसळतोय. आत्या सकाळपासून आवणीत होती. रोपाची जुडी उचलायला तिनं बांधावर पाय ठेवला आणि गवतातून कुकरची शिट्टी सुटावी तसा फुत्कार आला. जाडजूड, अंगावर साखळीसारखे ठिपके. घोणस. गावात लगेच दोन तट पडले. निम्मे म्हणाले देवऋष्याकडं न्या, निम्मे म्हणाले पाय आवळून बांधा. तुमच्या धाकट्या चुलत्यानं दोघांचंही ऐकलं नाही, जीप काढली आणि विठा घाट उतरून सरळ इथं आणलं. आता आत्याचा पाय घोट्यापासून पोटरीपर्यंत सुजलाय आणि हिरड्यांतून किंचित रक्त येतंय.

टेबलावर ट्रे आहे. ट्रेत करंगळीएवढ्या काचेच्या बाटल्या, प्रत्येकीच्या तळाशी पांढरी भुकटी. करायला काहीच नाही म्हणून तुम्ही खोकं उचलून वाचता. नाग, मण्यार, घोणस, फुरसं अशा चौघांची नावं आहेत. त्याखाली बारीक अक्षरात लिहिलंय की हे औषध घोड्याच्या रक्तापासून केलेलं आहे.

घोड्याच्या? तुम्ही पुन्हा वाचता. आपल्या डोंगरी डांगाणात बैल सगळ्यांना कळतो, घोडा फक्त लग्नाच्या वरातीत दिसतो.

एकोणीस मिनिटं उरलीत. नळीकडं नुसतं टक लावून बसण्यापेक्षा चला, तेवढ्यात जाऊन येऊ.

तारीख २० जुलै १९८३. अमेरिकेतलं केंटकी राज्य, लेक्झिंग्टन गावाजवळचं किनलंड. तुमच्या चपलेला अजून वावरातला चिखल आहे, पण इकडं कुणाचं लक्ष नाही. सगळ्या माना दोरीनं आखलेल्या छोट्या रिंगणाकडं वळल्यात. तिथं एक शिंगरू उभं आहे. अंगाचा रंग कुमैत, वय जेमतेम वर्षाचं, पुठ्ठ्यावर नंबराचा कागद चिकटवलेला. कान सारखे फिरतायत, कारण वर चौथऱ्यावर बसलेला लिलाववाला श्वास न घेता आकडे गातोय आणि खाली उभी असलेली माणसं बोली हेरून मधूनच ओरडतायत.

तुम्ही राजूरच्या डांगी जनावरांच्या प्रदर्शनात फिरलेले आहात, जनावर कसं बघतात ते तुम्हाला शिकवायला नको. आधी दात: आदत, दोनदाती, चारदाती. मग खूर, डांगीचा खूर काळा आणि टणक हवा. मग कातडी. डांगी बैलाच्या अंगाला एक तेलकटपणा असतो, तो असला की चार महिन्यांच्या पावसातही जनावर टिकतं. मग भोवरे बघायचे, कुठं गोम तर नाही ना. एवढं सगळं झालं की टॉवेलखाली बोटं धरून भाव ठरतो आणि बाजूला उभ्या असलेल्याला त्याचा पत्ता लागत नाही. पण त्याच्याही आधी एक गोष्ट करतात, जी इथं कुणीच करत नाहीये. बैल जुंपून बघतात.

हे शिंगरू अजून एकदाही पळालेलं नाही. त्याच्या पाठीवर खोगीरही चढलेलं नाही. बोली लागतेय ती त्याच्या बापावर. बाप नॉर्दर्न डान्सर, कॅनडात जन्मलेला बुटका घोडा, १९६४ ची केंटकी डर्बी जिंकलेला. त्याच्या पोरानं, निजिन्स्कीनं, १९७० मध्ये इंग्लंडच्या तिन्ही मोठ्या शर्यती मारल्या, तेव्हापासून या रक्तासाठी जगातले श्रीमंत एकमेकांच्या उरावर बसायला तयार आहेत. आई माय ब्यूपर्स. तिची आधीची मुलगी माय ज्युलिएट अमेरिकेत गाजलेली. म्हणजे घराणं दोन्हीकडून चोख. आपल्याकडं स्थळ बघताना असतो तोच हा हिशेब, पोरगा काय करतो ते नंतर बघू.

एका बाजूला दुबईचे शेख मोहम्मद, दुसऱ्या बाजूला इंग्लंडचा रॉबर्ट सँगस्टर आणि त्याचे आयरिश भागीदार. आकडा पन्नास लाख डॉलर ओलांडतो. ऐंशी लाख. नव्वद. फलकावर सात आकड्यांचीच जागा आहे, कारण ज्यांनी तो बसवला त्यांना आठव्याची गरज पडेल असं कधी वाटलंच नव्हतं. बोली एक कोटीच्या पुढं जाते तसा पुढचा एक गळून पडतो. हातोडा पडतो तेव्हा भाव आहे एक कोटी दोन लाख डॉलर, आणि फलक दाखवतोय दोन लाख. आख्ख्या मंडपात त्या शिंगराची बरी किंमत तेवढी त्या बिचाऱ्या फलकानंच लावली, असं मला नेहमी वाटतं.

तेव्हाच्या भावानं दहा कोटी रुपयांच्या आसपास. जगात वर्षाच्या शिंगराला एक कोटी डॉलरच्या वर भाव पहिल्यांदाच आलेला. विकत घेतलं शेख मोहम्मद यांनी, नाव पडलं स्नाफी डान्सर.

सोळा मिनिटं. सिस्टर दुसऱ्या खाटेवरच्या पोराचा ताप बघतेय. नळीतलं रक्त काळसर लाल दिसतंय, पण गोठलंय की नाही ते हलवल्याशिवाय कळायचं नाही. आणि हलवायचं तर नाही.

आता इंग्लंड. ससेक्स परगण्यातलं अरंडेल, किल्ल्याच्या पायथ्याशी जॉन डनलॉप यांचा तबेला. पहाटेचं धुकं रतनवाडीला असतं तसंच, फक्त डोंगर खडूच्या दगडाचे आणि गवत कापून बसवल्यासारखं. घोड्यांची ओळ चढावर सुटते. आधी नुसता टापांचा आवाज येतो, मग नाकपुड्यांतून सुटणारी वाफ, मग एकेक आकृती धुक्यातून फुटून तुमच्या समोरून निघून जाते. बघणाऱ्यांच्या हातात घड्याळं आहेत. तुम्ही दहा कोटींचा घोडा शोधताय. तो मागं आहे. दुसऱ्या दिवशी या, मागंच. पुढच्या आठवड्यात या. दिसायला देखणा, वागायला गरीब, खाणंपिणं व्यवस्थित. सगळं आहे, वेग नाही.

आपल्याकडं म्हणतात, घोडामैदान जवळच आहे. स्नाफी डान्सरला मैदान शेवटपर्यंत दिसलं नाही. सरावातच तो इतका मंद निघाला की एकाही शर्यतीत त्याला उतरवलं नाही. मग मालकांनी म्हटलं असेल, पळाला नाही तर नाही, रक्त तर आहे, वळू म्हणून ठेवू. तिथंही घोडं पेंड खायला लागलं. वीर्यात दोष निघाला. दोन हंगामांत मिळून शिंगरं झाली चार.

यात शेखांचं काही फार बिघडलं नाही, हे लक्षात असू द्या. कर्जबाजारी व्हायला त्यांना असे शेकड्यानं घोडे घ्यावे लागले असते. आणि घोड्याचं तर काहीच चुकलं नव्हतं. त्यानं कुणाला शब्द दिला नव्हता. आपल्यावर किती लागलेत हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

लोक शहाणे झाले म्हणाल तर तसंही नाही. जाता जाता फ्लोरिडात डोकावून घ्या, फेब्रुवारी २००६. इथं निदान जनावर पळवून दाखवतात. दोन वर्षांचा एक घोडा एक फर्लांग, म्हणजे साधारण दोनशे मीटर, ९.८ सेकंदांत कापतो आणि तेवढ्यावर आयर्लंडची कूलमोर मंडळी एक कोटी साठ लाख डॉलर मोजतात. द ग्रीन मंकी त्याचं नाव. पुढं तो तीन शर्यती पळाला, एकही जिंकला नाही. उभ्या जन्माची कमाई १०,४४० डॉलर. दोनशे मीटरला पळणारा हजार-बाराशे मीटरला पळेलच असं कुठं लिहिलंय? अडत बाजारातला कुठलाही दलाल तुम्हाला हे फुकटात सांगेल.

बारा मिनिटं. आत्या पाणी मागतेय. चुलता तिच्या उशाशी बसलाय, त्याची विजार गुडघ्यापर्यंत भिजलेली.

फसलेल्यांचंच बघत राहिलो तर अन्याय होईल, म्हणून एक जमलेलं. १९४५ साल, इंग्लंडमधलं न्यूमार्केट. युद्ध नुकतंच संपलंय, माणसांच्या अंगावर अजून जुने कोट आहेत, साखर कुपनावर मिळते. अशा दिवसांत एका शिंगरावर बोली चढतेय आणि ती चढवणारे आहेत बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड. थांबते २८,००० गिनींवर. वर्षाच्या शिंगरासाठी इंग्लंडनं तोवर एवढा पैसा बघितला नव्हता. कारण पुन्हा तेच, घराणं. याच्या सख्ख्या भावानं, दान्तेनं, त्याच वर्षी डर्बी जिंकली होती.

महाराजांनी शिंगराचं नाव ठेवलं सयाजीराव. आजोबांचं. ते आजोबा म्हणजे मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचे गोपाळराव, शेतकऱ्याचं पोर. १८७५ मध्ये दत्तक जाऊन ते बडोद्याचे सयाजीराव झाले. तिथंही निवड वंशावळ बघूनच झाली होती आणि तो डाव किती भारी लागला हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. घोड्यानंही नाव राखलं. देश स्वतंत्र होऊन महिना झाला होता तेव्हा, सप्टेंबर १९४७ मध्ये, डॉनकॅस्टरच्या मैदानावर एडगर ब्रिट या ऑस्ट्रेलियन जॉकीनं त्याला सेंट लेजर जिंकून दिली, तीही अगदी थोडक्या फरकानं. तुम्ही कठड्याला टेकून उभे आहात. आजूबाजूचे इंग्रज ते नाव ओरडायचा प्रयत्न करतायत आणि प्रत्येकाच्या तोंडात ते वेगळंच होतंय. कवळाण्यापासून इथवर आलेलं नाव, तुम्हाला उगीच हसू येतं.

तर कधी लागतं, कधी नाही. उलटही होतं. १९९० च्या इंग्लंडच्या डर्बीत सगळ्यांचा लाडका घोडा होता रझीन, पुन्हा नॉर्दर्न डान्सरचाच मुलगा. अठरा घोड्यांत चौदावा आला. त्याला भारतात आणलं, उषा स्टडमध्ये ठेवलं, आणि तिथं त्याच्या पोरांनी शर्यतींवर शर्यती मारल्या. रक्तात काहीतरी होतं खरं. फक्त ते त्याच्या स्वतःच्या पायांत उतरलं नव्हतं.

दहा मिनिटं. आता पुण्याला. अकोल्याहून एसटीनं चार-पाच तासांची वाट, पण आपल्याला १९६६ ला पोचायचंय, म्हणून लवकर जाऊ.

पुण्याजवळची पूनावालांची अश्वपैदाशीची शेती, १९४६ पासून चाललेली. पाण्यानं भिजवलेलं गवत, पांढरे कुंपणाचे कठडे, तोबऱ्यात ओट. मोतद्दार खरारा करतायत. इथली शिंगरं पुण्याच्या आणि मुंबईच्या महालक्ष्मीच्या मैदानावर पळतात. पळतात ती. पण जी पळत नाहीत, ज्यांचा पाय मोडला, ज्यांचा दम अर्ध्यात सुटतो, ज्यांच्या घराण्याचा कागद लांबलचक आणि वेग आखूड, त्यांचं काय करायचं? बैल थकला तर शेतकरी दावणीला ठेवतो निदान काही दिवस. शर्यतीच्या घोड्याला रोज लागणारा खुराक बघितला की न पळणारा घोडा हा नुसता खर्च.

तुमच्या समोर एक ट्रक उभा आहे. फळीवरून एक घोडा वर चढवतायत. उंच, देखणा, लांब मान. शर्यतीत कधीच पुढं न आलेला. कुठं चाललाय? मुंबईला, परळला, हाफकिन संस्थेत.

हाफकिन हे नाव तुम्ही ऐकलंय. वाल्देमार हाफकिन, प्लेगची लस शोधून १० जानेवारी १८९७ ला मुंबईत स्वतःच्याच अंगात टोचून घेणारा माणूस. त्याच्या नावाच्या संस्थेला घोडे लागतात ते पळवायला नाहीत. त्यांच्या रक्तात औषध तयार होतं म्हणून. आणि पूनावालांकडचे निकामी घोडे तिकडं जात होते. पंचविशीतले सायरस पूनावाला हे बघत होते. घोडे आमचे, रक्त आमच्या घोड्यांचं, औषध मात्र तिकडं तयार होऊन कमी पडतंय. मग ते इथंच का करू नये, हा विचार एका पशुवैद्याशी बोलता बोलता पक्का झाला असं सांगतात. काही घोडे विकून भांडवल उभं राहिलं आणि १९६६ मध्ये हडपसरला सीरम इन्स्टिट्यूट सुरू झालं. आधी धनुर्वातावरचं औषध, मग सापाच्या विषावरचं. आज सगळ्या जगाला लशी पुरवणारा हा कारखाना, त्याची सुरुवात झाली हरलेल्या घोड्यांपासून.

ट्रकची फळी वर उचलतात. घोडा आतून एकदा बाहेर बघतो.

आठ मिनिटं. या भागात जरा थांबायला हवं, कारण खोक्यावरची बारीक अक्षरं इथं सुरू होतात.

आता आजच्या काळात, औषध करणाऱ्या एका पागेत ओळीनं घोडे बांधलेत. विष येतं तमिळनाडूतून. तिथं इरुला आदिवासींची सहकारी संस्था आहे, १९७८ पासूनची. पिढ्यान्‌पिढ्या साप पकडणारे हे लोक साप धरतात, विष काढतात आणि सापाला पुन्हा रानात सोडतात. ते विष वाळवून इथं येतं. घोड्याला पहिली सुई इतक्या थोड्या विषाची की त्याला काही होऊ नये. मग थोडं जास्त. मग आणखी. आठवडे जातात, महिने जातात. घोड्याचं रक्त विषाला ओळखायला शिकतं, त्याला धरणारी प्रथिनं तयार करतं. ही कल्पना फ्रान्सच्या आल्बेर काल्मेतनं १८९० च्या दशकात मांडली, आणि सव्वाशे वर्षांत तिच्यात मुळातून बदल काही झालेला नाही. घोडाच का? अंगानं मोठा, स्वभावानं माणसाळलेला, आणि अंगात चाळीस लिटरच्या घरात रक्त.

मग एक दिवस मानेच्या शिरेतून रक्त काढतात. ते निवळू देतात, वरचा पिवळसर द्रव वेगळा होतो, खालच्या लाल पेशी पुष्कळदा घोड्याला परत चढवतात. द्रव गाळायचा, पेप्सिननं त्यातल्या प्रथिनांचे नको ते तुकडे कापायचे, गोठवून सुकवायचं. राहते ती पांढरी भुकटी.

घोड्यानं माणसासाठी त्याग वगैरे केला असं इथं कुणी म्हणू लागलं तर त्याला थांबवा. घोड्याला कुणी विचारलेलं नाही. मानेवर सुयांचे वण असतात, अशक्तपणा येतो, आणि त्यांना किती दिवसांनी विश्रांती द्यायची याचे नियम प्रत्येक पागेत सारखे पाळले जातात असंही नाही. आणि दुसरं, तुमच्या ट्रेतल्या भुकटीत रझीनच्या भावकीतला कुणी असेल अशा कल्पनेत रमू नका. हे काम करणारी बहुतेक जनावरं साधी तट्टं आणि खेचरं असतात. दहा कोटींचा घोडा फक्त तुम्हाला या पागेच्या दारापर्यंत घेऊन आला.

पण त्या लिलावाच्या मंडपात आणि या पागेत एक गंमत आहे. तिथंही रक्ताचाच भाव होता. फक्त तिथं रक्त म्हणजे कागदावरची नावं, आणि इथं रक्त म्हणजे बादलीत मोजता येणारं. तिथं शेवटपर्यंत कुणाला सांगता येत नाही की माल खरा की खोटा. इथं सांगता येतं. पाकिटावर लिहिलेलं असतं: एक मिलिलिटर औषध नागाचं ०.६ मिलिग्रॅम विष मारतं, मण्यारीचं ०.४५, घोणसाचं ०.६, फुरशाचं ०.४५.

तेही पुरतं खरं नाही. एकाच जातीच्या सापाचं विष प्रांताप्रांतात थोडं वेगळं असतं. तमिळनाडूच्या घोणसावर शिकलेलं रक्त सह्याद्रीतल्या घोणसाला अर्धवट ओळखतं, मग बाटल्या जास्त लागतात. डोंगरापलीकडं जुन्नरच्या बाजूला, नारायणगावला, डॉ. सदानंद राऊत वर्षानुवर्षं सर्पदंशाचे रुग्ण वाचवतायत. तिकडं पोचलेला माणूस सहसा घरी परत जातो. पोचणं, हीच खरी गोम. २००० ते २०१९ या काळात देशात सापानं सुमारे बारा लाख माणसं मेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे, म्हणजे वर्षाला अठ्ठावन्न हजारांच्या आसपास. बहुतेक खेड्यात, त्यातली निम्मी पावसाळ्यात. आवणीच्याच दिवसांत.

वेळ संपली.

सिस्टर नळी हातात घेते. तुम्ही उठून उभे राहता. ती नळी हळूच आडवी करते आणि आत्याचं रक्त काचेवरून पाण्यासारखं घरंगळत पलीकडच्या टोकाला जातं.

"पातळ आहे," ती म्हणते, आणि तिचे हात लगेच चालू होतात.

एकेका बाटलीत पाणी सोडायचं. हलवायची नाही, नाहीतर फेस होतो. तळहातांत धरून नुसती फिरवायची. भुकटी विरघळायला वेळ लागतो. तुम्हालाही दोन बाटल्या फिरवायला दिल्यात. काच थंड आहे, मग तुमच्या हाताच्या उबेनं कोमट होते. दहा बाटल्या. सगळ्या सलाईनच्या पिशवीत. बाजूला अ‍ॅड्रेनालिन भरून ठेवलेली सुई, कारण घोड्याचं प्रथिन काहींच्या अंगाला सोसत नाही, अंगावर गांधी उठतात, दम लागतो. थेंब सुरू होतात. डॉक्टर येऊन उभे राहतात आणि पहिली पंधरा मिनिटं जागचे हलत नाहीत.

आत्याच्या मानेवर गांधी उठतात. थेंब बंद. सुई. थोडा वेळ कुणीच बोलत नाही. गांधी बसतात. थेंब पुन्हा चालू.

चुलता तुमच्या हातात चहाचा कागदी पेला देतो. तुम्ही खोकं अजून धरलेलंच आहे, ते बाजूला ठेवता. अंधार पडतो. पावसाचा जोर ओसरतो, वाढतो, पुन्हा ओसरतो. खाली प्रवरेचा आवाज येत राहतो. कुणीतरी बातमी आणतं की राजूरच्या बाजूला ओढ्याला पाणी आलंय, रात्री परत जायचं झालं तर जाता यायचं नाही.

सहा तासांनी सिस्टर पुन्हा रक्त घेते. पुन्हा कोरी काचेची नळी, पुन्हा खिडकीचा कट्टा, पुन्हा वीस मिनिटं. या वेळी तुम्ही कुठंच जात नाही. नळीसमोर स्टूल ओढून बसता.

आत्याला जाग आहे. ती पायाकडं बघत नाही, छताकडंही नाही, तुमच्याकडं बघते.

"रोपं उपटून ठेवलीत," ती म्हणते. "बांधावरच राहिलीत. उद्या कुणी लावलं नाही तर कुजत्याल."

"लावतो मी," तुम्ही म्हणता.

सिस्टर येते, नळी उचलते, आडवी करते. रक्त जागचं हलत नाही.